नवमीचं तेल

चिक.

एवढाच आवाज झाला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता फुटली. आसावरीने चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि कान टवकारले. फ्रिजची घरघर, बाहेर मेपलच्या पानांवरून ठिबकणारं रात्रीचं पाणी, बाकी काही नाही. मिनिटभराने परत तेच. चिक.

"आई, पक्ष्याला भूक लागलीय," सिया सोफ्यावरून म्हणाली. सहा वर्षांची सिया, अंगात अजून नाइटड्रेस, मांडीवर कोरड्या सीरियलचा बाऊल.

पक्षी ही तिच्या बाबाची, श्रीरंगची कल्पना. गॅरेजच्या दारावर जो स्मोक अलार्म आहे, त्याची बॅटरी संपत आली की तो असा चिकचिक करतो. श्रीरंग खुर्चीवर चढायचा, नवी बॅटरी घालायचा आणि हात झटकत खाली उतरून सांगायचा, "चला, पक्ष्याचं जेवण झालं." सियाला आता माहीत होतं की तिथे पक्षी नाही. तरी ती तसंच म्हणायची.

बॅटऱ्या गॅरेजमध्ये होत्या, त्याच्या हत्यारांच्या कपाटात. आसावरी मे महिन्यापासून त्या कपाटाकडे फिरकली नव्हती. बॉथेलचं हे भाड्याचं घर ती महिनाअखेर सोडणार होती. नव्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं, म्हणून गॅरेजमधली ती गाडी विकायची होती. माणूस आज चार वाजता येणार होता. म्हणजे आज ते दार उघडायला लागणारच होतं.

तिने उघडलं.

ताडपत्रीखाली बग्गी उभी होती. इंजिन मोटरसायकलच्या जातीचं, अंग लहानशा जीपचं, दोघं शेजारी-शेजारी बसतील एवढी जागा, दारं नाहीत, डोक्यावर लोखंडी कांबींचा पिंजरा. फक्त डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची गाडी. इथले लोक तिला साइड-बाय-साइड म्हणतात. श्रीरंगने पहिल्याच दिवशी तिला बग्गी म्हटलं आणि मग तेच नाव पडलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी, नुकतंच बर्फ वितळलेल्या एका चढावर, ही बग्गी मागे घसरली, एका बुंध्यावर आदळली आणि उलटली. श्रीरंगने पट्टा लावला होता. हेल्मेट घातलं होतं. पिंजऱ्याची फक्त एक कांब वाकली. इंजिनाला धक्कासुद्धा लागला नाही. श्रीरंग तेवढा घरी आला नाही. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, तीव्र चढ, ओली जमीन.

पण त्याचा मित्र प्रसाद दुसऱ्या गाडीत मागे होता. दहाव्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला होता, "वहिनी, मला अजून कळत नाही. इंजिन नुसतं ओरडत होतं हो. आणि गाडी चढेचना."

ते वाक्य आसावरीच्या मनात अडकून बसलं. एकदा ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये तिने फोनवर शोधलं, इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही, असं कधी होतं? उत्तर पहिल्याच ओळीत होतं. क्लच घसरतो तेव्हा. आणि क्लच का घसरतो? चुकीच्या तेलाने. मोटारीत क्लचचा आणि इंजिनाच्या तेलाचा संबंध येत नाही. पण या बग्गीत इंजिन आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीचं तेल पेट्रोल वाचावं म्हणून मुद्दाम जास्त गुळगुळीत केलेलं असतं. ते या गाडीत घातलं तर क्लचप्लेटा एकमेकींना धरत नाहीत. म्हणून मोटरसायकलचं तेल घ्यायचं, ज्याच्या डब्यामागे बारीक अक्षरांत 'एमए' लिहिलेलं असतं.

आणि गेल्या वर्षी तेल आसावरीने आणलं होतं.

अशीच खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा आणि पूजेआधी गाडीला ताजं तेल, हा श्रीरंगच्या घरचा नेम. त्याचे वडील अप्पा चिंचवडच्या एका कंपनीत चौतीस वर्षं फिटर होते. ते म्हणायचे, आपण सणाला नवे कपडे घालतो, मग मशीनने काय पाप केलंय? तर त्या दिवशी श्रीरंग मीटिंगमध्ये अडकला होता. त्याने मेसेज केला, दहा-चाळीस ग्रेडचं तेल आण, मोटरसायकलचं बघ. आसावरी दुकानात गेली तेव्हा सिया झोपलेली, खांद्यावर. समोर भिंतभर डबे. मोठ्या आकड्यांत दहा-चाळीस दिसलं, खाली सेलची पिवळी चिठ्ठी. तेल ते तेल, असा विचार करून तिने दोन मोठे डबे उचलले. घरी आल्यावर श्रीरंगने डबा फिरवून बघितला होता आणि हसला होता. "वा! दोन-दोन? माझी बायको डील सोडणार नाही."

ती खूश होऊन स्वयंपाकाला लागली. रात्रीच्या जेवणाआधी तेल बदलून झालं होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, प्रसादला नाही, ऑफिसने गाठ घालून दिलेल्या त्या समुपदेशक बाईलाही नाही. लोकांसमोर ती बाकीच्या गोष्टींसाठी रडली.

फोन वाजला. अप्पा. तिकडे चिंचवडला रात्रीचे साडेआठ झाले असतील.

"काय गं, पूजा झाली?"

"करते आता, अप्पा. तुमची?"

"झाली. पाने, पक्कड, हातोडी, सगळं मांडलं. तुझ्या सासूने मध्ये मिक्सर आणून ठेवला. म्हणाली, तुमचं तेवढं यंत्र आणि माझं काय खेळणं आहे?" अप्पा हसल्यासारखं करून थांबले. "बग्गी आजच जाणार ना?"

"चार वाजता. मन्रोला त्या माणसाची ख्रिसमसच्या झाडांची नर्सरी आहे. झाडं ओढायला पाहिजे म्हणतो."

"चांगलंय. कामाला लागेल. तेल बदललं?"

आसावरीने ताडपत्रीचं टोक मुठीत धरलं. "नाही. त्याने पण तेच विचारलंय. आत कुठलं तेल आहे, कधी घातलं."

"मग सांग की."

"मी म्हटलं, बदलूनच देते."

"कोण बदलणार? प्रसाद येतोय का?"

"मी बदलणार आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कुणीतरी बारीक केला. "तू?" अप्पा म्हणाले. "मग असं कर. फोन ठेवू नको. स्पीकरवर टाक आणि सीटवर ठेव. मी आहे."

नवं तेल तिने काल आणलं होतं. या वेळी दुकानात ती अर्धा तास उभी होती. एकेक डबा पालथा करून मागचं सगळं वाचत होती. शेवटी कामाला असलेली पोरगी जवळ येऊन विचारून गेली, बरं वाटत नाहीये का?

"आधी पाच मिनिटं इंजिन चालू कर," अप्पा म्हणाले. "तेल कोमट झालं की घाण घेऊन खाली येतं. शटर वर केलंस ना? धूर कोंडेल."

शटर वर गेलं, बाहेरचा ओला उजेड आत आला. चावी खिळ्याला होती, सियाने ओवलेल्या मण्यांच्या माळेत. प्रसाद मध्ये एकदा येऊन बॅटरीला चार्जर लावून गेला होता, त्यामुळे इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

आतून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. सिया दारात उभी, हातात बाऊल, सीरियल जमिनीवर सांडत. तिने सरळ ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं.

"ओह," ती म्हणाली. "तू आहेस."

सिया दाराच्या पायरीवर बसली आणि सांडलेलं एकेक वेचून परत बाऊलमध्ये टाकायला लागली.

"कोण, सिया का?" अप्पांनी आवाज चढवून विचारलं. "काय करते माझी सोनी?"

"हाय आजोबा. आय ॲम हेल्पिंग."

"शाब्बास. आईला पाना दे. सतरा नंबरचा. वन सेव्हन."

सियाने कपाटातून बरोबर सतराचाच काढला. हे तिला येत होतं. आसावरी पुठ्ठा टाकून त्यावर आडवी झाली आणि बग्गीखाली सरकली. डोळ्यांसमोर इंजिनाचा तळ, त्यावर वाळलेला चिखल. मे महिन्यातला. तिने तो बोटाने खरवडला आणि मग थांबली.

"नट फिरत नाही, अप्पा."

"उलटा फिरवत असशील. खाली झोपलं की डावं-उजवं चुकतं. हात उलटा कर आणि परत बघ. जोर नको, वजन दे."

तिने वजन दिलं. करकरला आणि सुटला. शेवटचे दोन आटे हाताने फिरवायला गेली तर तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, कोमट. मग धार खालच्या टबात पडायला लागली, काळी, जाड, बिनआवाजाची. हे त्याच्या हाताने ओतलेलं होतं. याला आता वर्ष झालं होतं. ती धारेकडे बघत राहिली. कुठलं होतं हे, ते धारेवरून कळत नव्हतं. वर्षभर चाललं की सगळीच तेलं काळी होतात.

"वास बघ," अप्पा म्हणाले, सवयीने. "जळका येतो का? जळका आला तर क्लचप्लेटा गेल्या समजायच्या."

आसावरीने बोटं नाकाशी नेली. तेलाचा वास होता. थोडा जळका होता, की तिला तसा हवा होता, की नको होता? तिने परत बोटं हुंगली.

"मला कळत नाही, अप्पा."

"अगं, भाजी करपली की कसं लगेच..."

"मला कळत नाही!"

ती ओरडली तशी सिया पायरीवरून उठली. गाडीखाली, पाठीला गार सिमेंट आणि तोंडासमोर लोखंड, अशा अवस्थेत आसावरीने पहिल्यांदा ते सांगितलं. आधी तुटक, मग एका दमात. मेसेज, खांद्यावरची झोप, सेलची पिवळी चिठ्ठी, दोन डबे. प्रसाद काय म्हणाला ते. फोनवर काय वाचलं ते. "मी आणलं ते मोटारीचं होतं. त्याने तेच घातलं. म्हणून ती चढली नाही, अप्पा. म्हणून मागे आली."

धार बारीक झाली होती. आता थेंब पडत होते.

टीव्ही आता पूर्ण बंद झाला होता. मग अप्पा म्हणाले, "मे महिन्यापासून हे घेऊन बसलीस?"

ती हुंदक्यातच "हं" म्हणाली.

"फिल्टर काढ."

"अप्पा, मी काय सांगतेय..."

"ऐकलं मी. फिल्टर काढ. बाजूला असेल, डब्यासारखा गोल. तो त्यावर लिहितो. मीच शिकवलंय त्याला. कंपनीच्या शॉपवर तेल बदललं की आम्ही फिल्टरवर खडूने लिहायचो, कधी बदललं, काय घातलं, कुणी घातलं. म्हणजे पुढे मशीन बिघडलं तर कुणाची चूक ते शोधायला नको. काढ पोरी. बघून टाकू. जे असेल ते."

तिने फिल्टरला पट्ट्याचा पाना अडकवला आणि वजन दिलं. फिल्टर सुटला, उरलेलं तेल सांडलं, आणि ती तो घेऊन उजेडात बाहेर आली. सबंध काळा झालेला. तिने कुर्त्याच्या कडेने पुसला. आधी दिसला एक छोटा तपकिरी ठसा, अंगठ्याचा. कुंकवाचा. गेल्या वर्षी सियाने लावलेला. त्याच्याखाली पांढऱ्या मार्करने, तिरक्या, घाईच्या अक्षरात चार ओळी.

"वाच," अप्पा म्हणाले.

"नवमी. एकशे बारा तास. दहा-चाळीस..." ती थांबली. परत पुसलं. "एमए. खाली श्री लिहिलंय."

"परत वाच. दहा-चाळीसच्या पुढचं."

"एमए."

"मग ते तू आणलेलं नव्हे." अप्पांनी श्वास सोडला तो फोनमधून फुंकर आल्यासारखा ऐकू आला. "अगं, तो माझा मुलगा आहे. डब्याची पाठ वाचल्याशिवाय तो तेलाचं बूच उघडेल का?"

"पण दुसरं तेल नव्हतंच घरात! मी आणलेले दोन डबे होते फक्त. त्याने माझ्यासमोर..."

"आई, आय नो," सिया म्हणाली.

दोघांनाही आधी कळलं नाही ती काय म्हणतेय ते. सिया पायरीवर उभी होती, एका पायावर, नाइटड्रेसच्या बाहीचं टोक तोंडात.

"काय माहितीये बाळा?"

"इट्स अ सीक्रेट बट. बाबाने सांगितलं आईला सांगायचं नाही."

आसावरी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तेलाचे हात तिने मागे धरले. "आता सांगितलंस तर चालेल. बाबा रागावणार नाही."

"आम्ही परत शॉपमध्ये गेलो. तू चपात्या करत होतीस. बाबा म्हणाला, आईने राँग ऑईल आणलं, पण शी इज सो हॅपी, सो आपण नाही सांगायचं. मग आम्ही राइटवालं आणलं आणि लपवलं, अंडर माय जॅकेट." सिया हे सांगताना हळूहळू खुलत गेली. "मला गमी बेअर्स दिले. रेड ओन्ली."

"आणि मी आणलेलं?"

"ते बाबाने तुझ्या कारमध्ये घातलं. त्या वीकएंडला. तुझ्या कारला ते आवडतं."

आसावरीच्या गाडीत. तीच गाडी घेऊन ती त्या रविवारी डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलपर्यंत गेली होती, सबंध रस्ता देवाला काय काय कबूल करत. आणि परत आली होती, शेजारच्या सीटवर त्याचे बूट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, एखादा श्वास घेण्यापुरतं. मग तिला दिसलं ते त्याचं हसू, डबा फिरवून बघतानाचं. त्याला त्या क्षणीच कळलं होतं. कळूनही तो "वा" म्हणाला होता, आणि पोरीला घेऊन गुपचूप दुकानात गेला होता, चपात्या व्हायच्या आत. हे तिला आज कळत होतं. आता त्याच्याशी भांडताही येणार नव्हतं, मला सांगितलं का नाहीस, मी काय लहान आहे का, म्हणून. कुर्त्याची कड तोंडात धरून ती रडली, आणि हे रडणं मे महिन्यापासूनच्या कुठल्याच रडण्यासारखं नव्हतं. सिया येऊन तिच्या पाठीवर रेलली.

पलीकडे अप्पांनी नाक शिंकरलं. मग ते म्हणाले, "उठ आता. इंजिन उघडं ठेवू नये. आधी खालचा नट लाव, वॉशर नवा घाल. मग नवा फिल्टर. त्याच्या रबराला बोटाने जरा तेल लाव, नाहीतर पुढच्या वेळी सुटत नाही."

तिने नट बसवला. नव्या तेलाचा डबा उघडला, बोट बुडवलं आणि रबरावर गोल फिरवलं. तेल मधासारखं होतं, पिवळं, आरपार दिसणारं.

"लिहिलंस?"

"काय?"

"फिल्टरवर. लिही. त्या नर्सरीवाल्याला वाचता नाही आलं तरी चालेल."

सियाने मार्कर आणून दिला. आसावरीने लिहिलं, नवमी. तासांचा मीटर बघून लिहिलं, एकशे एकतीस. दहा-चाळीस. एमए. शेवटची ओळ लिहायला तिला वेळ लागला. मग तिने लिहिलं, आसा. तो तिला तेवढंच म्हणायचा. सियाने देवघरातून कुंकवाची डबी आणली, अंगठा बुडवला आणि ठसा उमटवला. ठसा गेल्या वर्षीपेक्षा मोठा होता.

फिल्टर हाताने घट्ट बसला. तेल गेलं. अप्पांनी सांगितलं तसं दोन मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, गाडी सपाट जमिनीवर असतानाच तिने तेल मोजायची कांडी काढून पुसली, परत घालून पातळी बघितली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये. "मग झालं," अप्पा म्हणाले, पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. जुना फिल्टर तिने निथळायला टबाच्या कडेवर पालथा घातला. लिहिलेली बाजू आपल्याकडे येईल असा.

चिक, वर पक्षी म्हणाला. बॅटरी घालायची राहिलीच होती.

सिया बग्गीच्या पुढच्या चाकाला टेकून बसली होती. कुंकवाचा अंगठा ती टायरच्या एकेका खाचेत घालून बघत होती.

"आई, बाबाने राइट ऑईल घातलं होतं ना?"

"हो बाळा."

"शुअर?"

"हो. अगदी बरोबर घातलं होतं."

सियाने मान डोलावली आणि अंगठा पुढच्या खाचेत घातला. सीटवरच्या फोनमधून अप्पांचा श्वास ऐकू येत होता.

"मग बग्गी खाली का आली?"